बहिणीच्या बायोडाटातला व्हायरस

माझ्या धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. त्याला कारण हुंडा नव्हता, पत्रिका नव्हती, रंग-उंचीसुद्धा नव्हती. कारण मी होतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा घनसावंगीला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. आई घर सांभाळायची. धाकटी मंगल नुकतीच डी.एड. झालेली. आणि मी जालन्याहून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन परतलेला, गावातला (माझ्या अंदाजानं तालुक्यातला) सर्वांत मोठा कॉम्प्युटरतज्ज्ञ. घरात एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. आईनं त्याला मोराचं भरतकाम केलेलं झाकण शिवलं होतं आणि मी सोडून घरात कोणीही त्याला हात लावायचा नाही, असा माझा हुकूम होता. पुढं जे घडलं ते पाहता हुकूम नेमका उलटा असायला हवा होता!

मंगलसाठी स्थळ आणलं दत्तूमामानं. दत्तूमामा आईचा चुलतभाऊ, राजूरला गणपतीच्या देवळाजवळ त्याचं नारळ-फुलांचं दुकान. देवाला येणारा अर्धा मराठवाडा त्याच्या दुकानापुढं चपला काढायचा, त्यामुळं कोणाच्या घरात लग्नाचं कोण आहे हे मामाला तोंडपाठ. मुलगा भोकरदनचा. नाव सुधाकर, औरंगाबादला एका कंपनीत कॉम्प्युटर सेक्शनला. वडील बापूराव, घरची शेती, माणसं सरळ. फोटो दोन्हीकडं पसंत होते. आता फक्त बायोडाटा पाठवायचा आणि बघण्याची तारीख ठरवायची, एवढंच बाकी होतं.

इथं मी मधे पडलो.

"अण्णा, मुलगा कॉम्प्युटरमधला आहे. त्याला कागद पाठवला तर आपण मागासलेले वाटू."

"मंग कशावर पाठवू? पाटीवर?"

"फ्लॉपीवर!"

अण्णांनी ती काळी चौकोनी फ्लॉपी हातात घेऊन उलटीपालटी केली, उन्हात धरून पाहिली. "यात मंगल कुठं हाये?"

"आत आहे."

"दिसून तर न्हाई राह्यली."

मी दोन दिवस खपून सुंदर बायोडाटा बनवला. चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर गणपती. त्यांच्या मशीनवर मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून मराठी फाँट चालवणारी फाइलही त्याच फ्लॉपीत टाकली. (किती पुढचा विचार!) शुभकार्याची वस्तू म्हणून आईनं फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं. ते मी पुसलं. जमेल तेवढं. मग ती राजूरला मामाकडं गेली, मामाकडून भोकरदनला, आणि तिथून सुधाकरकडं औरंगाबादला.

सुधाकररावांनी ती ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घातली मात्र, त्या कॉम्प्युटरनं भोंगा वाजवला! अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं, साहेब केबिनमधून बाहेर आला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, व्हायरस सापडला. सुधाकरनं शरमिंदा होऊन फ्लॉपी काढली आणि संध्याकाळी वडिलांना फोन केला, "दादा, त्यांच्या बायोडाटाच्या फ्लॉपीत व्हायरस निघाला. दुसरी पाठवा म्हणावं."

बापूरावांनी मामाच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करून मामाला सांगितलं, "मुलीच्या बायोडाटात व्हायरस निघाला म्हणतो पोरगा."

त्या दिवशी नेमकी चतुर्थी. राजूरला पाय ठेवायला जागा नाही, घंटा, लाउडस्पीकर, हरवलेल्या माणसांचा पुकारा. अशा गोंगाटात एका कानात बोट घालून मामानं आमच्या घरी फोन लावला.

"अक्का, लई वंगाळ झालं. मुलीत व्हायरस निघाला म्हणत्यात!"

"काय निघालं?" आई.

"व्हायरस! व्हायरस!"

"मंजी काय रे?"

"मंजी रोगाचे किटाणू! बारीक असत्यात, दिसत न्हाईत!"

आईनं फोन ठेवला आणि ती मंगलकडं बघत भिंतीला टेकून खाली बसली. मंगल तेव्हा शेंगदाण्याची चटणी वाटत होती आणि तिच्यात काही निघालं असेल तर ती फक्त भूक होती.

आता कोणत्याही शहाण्या माणसानं तिथल्या तिथं खुलासा केला असता, की बायांनो, हा व्हायरस माणसाचा नाही, फायलीचा आहे. मी शहाणा नव्हतो, मी तज्ज्ञ होतो! माझ्या कॉम्प्युटरवर आळ आला, एवढंच मला ऐकू आलं. आई काय समजून बसली आहे इकडं माझं लक्षच गेलं नाही. मी ताडकन उठलो. "काळजी करू नको आई. मी उद्या जालन्याहून औषध आणतो. दोन दिवसांत साफ करतो!"

झालं. आईला जे काही थोडं वाटत होतं ते पक्कं झालं. पोरगी आजारी आहे आणि पोराला ते आधीपासून माहीत आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीपमध्ये चौदावा माणूस म्हणून (एक पाय आत, बाकीचा मी बाहेर) मी जालन्याला गेलो. माझा मित्र गजानन तिथं कॉम्प्युटर दुरुस्ती करायचा. त्यानं मला एक सीडी दिली. तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'अँटिव्हायरस, लई भारी'.

"ओरिजनल आहे का रे?"

"ओरिजनलची बराबर कॉपी हाये. ओरिजनलपेक्षा जादा पकडतं."

हे शेवटचं वाक्य मात्र अक्षरशः खरं निघालं. घरी येऊन सीडी घातली, तपासणी सुरू केली आणि दुसऱ्याच मिनिटाला कॉम्प्युटर टुंई टुंई करून ओरडला. लाल खिडकी! खाली तीन बटणं, त्यातलं मला एकच कळायचं, 'डिलीट'. मी दाबलं. पुन्हा टुंई टुंई. पुन्हा दाबलं. मला शिकारीची झिंग चढली. मी मोठमोठ्यानं मोजायला लागलो.

"सापडला! अजून एक सापडला! आई, ऐंशीच्या वर गेले!"

त्याच वेळी शेजारच्या गोदाकाकू विरजण मागायला दारात उभ्या होत्या. आत आई मंगलला कडुलिंबाच्या पाल्याचा काढा पाजत होती, आणि मंगल तोंड फिरवत होती.

"काय सापडून राह्यलं वो?" काकूंनी विचारलं.

आईला लपवता येईना. "मंगलमधले किटाणू. विलास मोजून राह्यला."

"किती झाले?"

"त्र्याऐंशी!" मी बाहेरून ओरडलो. "आता चौऱ्याऐंशी!"

काकू विरजण न घेताच गेल्या. वाटीसुद्धा आमच्याकडंच राहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं होतं की कारकूनसाहेबांच्या पोरीत चौऱ्याऐंशी किटाणू निघाले आणि भाऊ ते मशीननं मारतोय. दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीत गेले तर त्यांच्या टेबलाशेजारचे बाबू खुर्ची सरकवून बसले!

अण्णा भडकले. मंगलला घेऊन अंबडला डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, पाठीला नळी लावली. "पोरगी ठणठणीत हाये. कशाला आणलं?"

"तोंडी न्हाई चालत," अण्णा म्हणाले. "कागद द्या."

रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटोसुद्धा काढला. सगळं उत्तम. मग अण्णांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्या रिपोर्टच्या खऱ्या नकला काढल्या, त्यांवर साहेबांचे सही-शिक्के घेतले आणि वर एक पत्र जोडलं. ते मी वाचलं असतं तर कदाचित वाचलो असतो. पत्राचा विषय असा होता : 'चि. मंगल हिच्यात कोणताही व्हायरस नसलेबाबत.' खाली, 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...' आणि शेवटी, 'सबब, योग्य ती कार्यवाही होणेस विनंती.'

मामा स्वतः ते पाकीट घेऊन भोकरदनला गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"दाजी, मामला बिघडला!"

"का? कागद कमी पडला का?"

"जास्ती झाला! बापूराव म्हणले, आम्ही तर फ्लॉपीचं बोललो होतो. यांनी न मागता रक्ताचा रिपोर्ट कशापायी धाडला? कोण धाडतं असं? काही तरी लपवून राह्यलेत म्हणले. अन् त्यांच्या घरच्या बाया तर म्हणत्यात, छातीचा फोटो पाठवला म्हणजे छातीचंच काही तरी हाये!"

अण्णा सावकाश खुर्चीत बसले. मग आईकडं वळून म्हणाले, "फ्लॉपीचं? व्हायरस फ्लॉपीत असतो?"

आई माझ्याकडं वळली. मी कॉम्प्युटरकडं वळलो. त्यानं काही मदत केली नाही, कारण त्या शिकारीनंतर तो सुरूच होत नव्हता. मी जे 'किटाणू' मारले त्यांत त्याचे हातपाय, डोळे आणि बहुधा मेंदूही गेला होता. पडदा काळा आणि वर डावीकडं एक बारीक रेघ उघडझाप करत होती, शेवटचे श्वास घेतल्यासारखी.

मी मग सगळ्यांना समजावून सांगितलं की हा व्हायरस माणसाला होत नाही. अण्णा रागावले की ओरडायचे, फार रागावले की पान खायचे. त्या दिवशी त्यांनी लागोपाठ तीन पानं खाल्ली.

मंगल मागच्या अंगणात बसली होती. चार दिवस लिंबाचा काढा पिऊन तिचं तोंड कायमचं वाकडं झाल्यासारखं दिसत होतं. एरवी ती मला सोलून काढायची. मी वाटच बघत होतो, की आता शिव्या देईल, मारेल, वरवंटा फेकेल. ती एवढंच म्हणाली, "दादा, मला तो फोटोत बरा वाटला होता रे."

शिव्या परवडल्या असत्या!

मी उठलो, शर्ट घातला आणि चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. सुधाकररावांच्या कंपनीचा नंबर मामानं कधीतरी दिला होता. तो लावला. पलीकडून आवाज आला, "बोला." बस, तेवढाच. माणूस अतिशय कमी बोलणारा आहे हे मामाकडून ऐकलं होतं. पण पोटातलं सगळं सांगायला कमी बोलणारा माणूस लागतो, हे त्या दिवशी कळलं. मी फ्लॉपीपासून सुरुवात केली. चतुर्थी, मामा, काढा, चौऱ्याऐंशी, गोदाकाकूंची वाटी, अंबडचा डॉक्टर, अण्णांचं पत्र. काचेतून बूथवाला घड्याळ दाखवायला लागला. शेवटी मी म्हणालो, "सगळी चूक माझी हाये, साहेब. माझी बहीण बिलकुल चांगली हाये. नकार द्यायचाच तर मला द्या!"

पलीकडून काहीतरी खोकल्यासारखा आवाज. पुढं कळलं की ते हसू होतं आणि साहेब समोर असल्यानं ते दाबून धरलं होतं.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "त्या कॉम्प्युटरला तोपर्यंत हात लावू नका."

रविवारी सकाळच्या बसनं सुधाकरराव, बापूराव आणि दत्तूमामा असे तिघं उतरले. बापूरावांचा चेहरा अजून घट्ट होता. आईनं पोहे केले होते. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणून पाट मांडला होता, पण नवरदेव पाटावर बसलेच नाहीत. त्यांनी बूट काढले, बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि थेट टेबलाखाली शिरले! बाहेर फक्त दोन मोजे दिसत होते. (एकाला अंगठ्याशी भोक होतं. आईनं हे बघितलं आणि मला वाटतं, तिनं जावई तिथंच पसंत केला.)

दीड तास असाच गेला. बापूराव पोहे खात होते. अण्णा त्यांना पान लावून देत होते. टेबलाखालून फक्त "हं" येत होतं, आणि प्रत्येक 'हं'ला मी दाराकडं सरकत होतो.

शेवटी कॉम्प्युटर सुरू झाला. सुधाकरराव कपडे झटकत बाहेर आले. त्यांनी त्यांच्यासोबत आणलेला खरा अँटिव्हायरस चालवला आणि सगळ्यांसमोर तीन गोष्टी सांगितल्या. मी त्या आजतागायत विसरलेलो नाही, कारण त्या मला विसरू दिल्या जात नाहीत.

"पहिली गोष्ट, त्या फ्लॉपीत व्हायरस नव्हताच. आमच्या ऑफिसातल्या अँटिव्हायरसला तुमची मराठी फाँटची फाइल अनोळखी वाटली म्हणून ओरडला. नवीन आवृत्ती टाकून मी परत तपासली. काही न्हाई."

"मंजी मराठीलाच रोग समजलं?" अण्णा.

"हं. दुसरी गोष्ट, या कॉम्प्युटरमध्येही आधी काही नव्हतं. हे त्र्याऐंशी..."

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो. (जित्याची खोड!)

"हे चौऱ्याऐंशी सगळे निरपराध होते. संशय आला तर फाइल बाजूला ठेवायचं बटण असतं, डिलीटच्या शेजारीच. पोलीस माणसाला धरून चौकीत बसवतात, चौकशी करतात, आळ खोटा निघाला तर सोडतात. तुम्ही दिसेल त्याला फाशीच दिली."

"अन् तिसरी?" बापूरावांनी विचारलं. आता त्यांना मजा यायला लागली होती.

सुधाकररावांनी दोन बोटांत धरून ती सीडी वर केली. 'लई भारी'. "एक व्हायरस खरा सापडला. तो या अँटिव्हायरसच्या सीडीतून आला. यांनी स्वतः आणून घातला."

बापूराव जे हसायला लागले ते काही थांबेना. पोह्याचा घास त्यांच्या घशात अडकला, दत्तूमामानं पाठ थोपटली. अण्णाही हसले. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. मी भरतकामातल्या मोराचे डोळे मोजत होतो.

त्या गडबडीत मंगल चहा घेऊन बाहेर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड सरळ दिसत होतं. तिनं सुधाकररावांपुढं कप धरला आणि विचारलं, "माझा रिपोर्ट पाह्यला का?"

"पाह्यला." ते कपाकडं बघत म्हणाले. मग धीर करून पुढं म्हणाले, "हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा जास्ती हाये."

आमच्याकडं त्याहून प्रेमळ बोलणं कोणी बघण्याच्या कार्यक्रमात केल्याचं ऐकिवात नाही. बापूरावांनी अण्णांचा हात धरला. "आमच्याकडच्या बायांना मी समजावतो. तुम्ही तारीख काढा. फक्त निमंत्रणं कागदावर छापा."

लग्न घनसावंगीलाच झालं, शाळेच्या पटांगणात. मांडव भरगच्च. अंतरपाट धरलेला, भटजी सूर लावून मंगलाष्टकं म्हणत होते. मी नवऱ्या मुलीचा भाऊ म्हणून नवा सफारी घालून पुढंच उभा होतो. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी मला कोपरानं ढोसलं. ते जाफराबादचे, सुधाकररावांचे सख्खे मामा.

"तुम्ही कॉम्प्युटर शिकलेले ना?" ते हळूच म्हणाले. "आमच्या शाळेत नवीन दोन आले हायेत. परवापासून एक लई कुरकुर करून राह्यला. एकदा येऊन जाता का?"

आता असं आहे, मोठ्या माणसाला मांडवात नाही कसं म्हणायचं? आणि कुरकुरीवर तर माझा एक खास उपाय होता. मी छाती फुगवून म्हणालो, "येतो की मामा! उद्याच येतो! दहा मिनिटांचं काम हाये!"

मंगलाष्टक नुकतं कुठं दुसऱ्या कडव्यात शिरत होतं. भटजींनी श्वास घ्यायला सूर सोडला, आणि तेवढ्या शांततेत अंतरपाटामागून आवाज आला. ज्या माणसाला आम्ही कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं, तो मुंडावळ्या बाजूला सारून, टाचा उंचावून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा गरजला :

"मामा, सावधान!"

मागच्या लोकांना फक्त 'सावधान' ऐकू आलं. चारशे माणसांच्या मुठी एकदम उघडल्या, अक्षतांचा पाऊस पडला, बँडवाल्यांनी धडाक्यात सुरुवात केली, दोघी करवल्यांनी गडबडून अंतरपाट सोडला आणि मंगलनं समोर दिसेल त्याच्या गळ्यात हार घातला. नशीब, समोर नवराच होता! भटजी पोथीत बोट घालून तसेच उभे होते. अजून त्यांची चार कडवी बाकी होती.

तेव्हापासून आमच्या पाहुण्यारावळ्यांत कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं संपताना भटजी 'सावधान' म्हणाले, की अर्धा मांडव वधूवरांकडं बघतो आणि अर्धा मी कुठं उभा आहे ते शोधतो.